वळचणीचे पाणी आढ्याला : छपरावरचा बर्फाचा बांध कसा टाळावा?

वैदेही_सेंटपॉल | १८ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार. गेल्या उन्हाळ्यात आम्ही मिनेसोटातल्या सेंट पॉल येथे १९४८ साली बांधलेले दीड मजली घर घेतले. या घरातला हा आमचा पहिला हिवाळा आहे. डिसेंबरमध्ये वळचणीला बर्फाचे सुळे लटकू लागले तेव्हा धाकटी टाळ्या वाजवत म्हणाली, "आई, आपल्या घराला दात आले!" मलाही ते दृश्य सुंदर वाटले आणि मी फोटो काढून पुण्याला पाठवले.

काल पहाटे मुलांच्या खोलीत, जेथे तिरपे छत खिडकीच्या वर येऊन टेकते तेथे, पातेल्याच्या झाकणाएवढा तपकिरी डाग दिसला. दुपारपर्यंत त्यातून थेंब पडू लागले. बाहेर उणे १४ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि पाऊस पडण्याचा प्रश्नच नाही. बाहेर जाऊन पाहिले, तर पन्हळीच्या वर, छपराच्या अगदी कडेला, वीतभर जाड बर्फाचा कठडा तयार झाला आहे आणि त्याच्यामागे पाणी साचून शिंगल्सच्या, म्हणजे छपरावर एकावर एक बसवलेल्या पातळ पट्ट्यांच्या, खाली शिरते आहे. वळचणीचे पाणी आढ्याला जाते ही म्हण आजीच्या तोंडून पुष्कळदा ऐकली होती. ती अशी डोळ्यांसमोर खरी होईल असे कधी वाटले नव्हते.

दोन ठिकाणी चौकशी केली. एकाने वाफेने बर्फ काढून देण्याचे तासाला ४५० डॉलर सांगितले, तेही किमान दोन तासांचे. दुसऱ्याचे म्हणणे असे की छपराच्या कडेने विजेची तापणारी तार बसवली की प्रश्न कायमचा मिटेल. आत्ता काय करावे आणि पुढच्या हिवाळ्यात हे मुळात होऊच नये यासाठी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

सुमेधा_बफेलो | १८ जानेवारी, रात्री १०:०५

वैदेही, सर्वांत आधी एक विनंती. घरातल्या कोणालाही शिडी लावून छपरावर चढू देऊ नका, आणि हातोडी किंवा कुऱ्हाडीने तो बर्फ फोडू देऊ नका. थंडीत शिंगल्स बिस्किटासारख्या कडक होतात. बर्फ फुटण्याआधी त्याच फुटतात. माझे यजमान २०१४ च्या नोव्हेंबरात, बफेलोच्या दक्षिणेला पाच-सहा फूट बर्फ पडला त्या आठवड्यात, असेच चढले होते. बर्फाचा एक मोठा तुकडा सुटला तो थेट शिडीवर आला. मनगट मोडले, एवढ्यावर निभावले हे आमचे भाग्य.

आज रात्री करायची कामे अशी. छताचा रंग फुगून पाण्याची पिशवी झाली असेल तर खाली बादली ठेवून मधोमध खिळ्याने बारीक भोक पाडा, म्हणजे पाणी एकाच ठिकाणी उतरेल आणि सगळे छत खाली येणार नाही. त्या भागातून दिव्याची वायर जात असेल तर त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करा. विम्यासाठी प्रत्येक डागाचा वेळेसह फोटो काढा. आणि उद्या सकाळी दुकान उघडताच छपरावरचा बर्फ ओढायचा लांब दांड्याचा फावडा, म्हणजे रूफ रेक, घेऊन या. जमिनीवर उभे राहून कडेपासून वरचा तीन-चार फूट भुसभुशीत बर्फ ओढून काढा. कठड्यामागे वितळायला बर्फच उरला नाही की नवे पाणी येणे थांबते. मात्र शिंगल्स खरवडल्या जाणार नाहीत इतका पातळ थर राहू द्या आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारांपासून तो धातूचा दांडा दूर ठेवा.

आढेपाखे (ओटावा) | १८ जानेवारी, रात्री ११:३०

सुमेधाताईंनी तातडीचे सगळे नेमके सांगितले आहे. त्यात एकच भर घालतो. तिरप्या छताच्या मागे जो बुटका पोटमाळा असतो, तेथे जाता येत असेल तर जेथून पाणी आत येते त्या जागेवर साधा पंखा रोखून ठेवा आणि पोटमाळ्यातली गार हवा तेथे मारा. गळणारे पाणी जागच्या जागी गोठते आणि एक-दोन दिवसांची उसंत मिळते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. मी वीस वर्षे इमारतींच्या बाह्य आवरणाचे काम करतो आणि दर जानेवारीत लोकांना एकच गोष्ट सांगतो : हा आजार छपराचा नाही, हा घराच्या आतल्या उष्णतेचा आहे. बर्फाचा बांध तयार होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. छपरावर बर्फ हवा, छपराचा वरचा भाग शून्य अंशाच्या वर हवा आणि खालची कड शून्याच्या खाली हवी. बाहेर उणे १४ अंश असताना वरचा भाग शून्याच्या वर कसा जातो? खोल्यांमधली ऊब फटींमधून पोटमाळ्यात शिरते आणि छपराच्या फळ्यांना खालून तापवते, म्हणून. बर्फ खालच्या अंगाने वितळतो, पाणी बर्फाच्या पांघरुणाखालून निमूटपणे पाख्यावरून उतरते आणि भिंतीच्या बाहेर आलेल्या वळचणीपाशी पोहोचते. वळचणीच्या खाली ऊबदार खोली नसते, उघडी हवा असते. तेथे पाणी गोठते. रोज थोडे थोडे गोठून बांध उंच होतो आणि मागे तळे साचते. शिंगल्सची रचना वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी असते. मागे साचून वर चढणाऱ्या पाण्याला त्या अडवू शकत नाहीत.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ताजा बर्फ स्वतःच उत्तम उष्णतारोधक असतो. एक इंच भुसभुशीत बर्फाला साधारण आर-१ इतकी रोधकता धरतात (आर हे उष्णता अडवण्याचे माप; आकडा जितका मोठा तितकी ऊब कमी निसटते). म्हणजे फूटभर बर्फ साचला की छपरावर चांगली जाड गोधडी पडते, फळ्या आणखी तापतात आणि ज्या घराला दोन इंच बर्फात काही होत नाही तेच घर मोठ्या हिमवर्षावानंतर गळू लागते.

चार्ल्सकाठ (बॉस्टन) | १९ जानेवारी, सकाळी ७:१५

२०१५ च्या फेब्रुवारीत आम्ही हेच सारे अनुभवले. त्या एका महिन्यात बॉस्टनमध्ये ६४.८ इंच बर्फ पडला आणि पूर्ण हंगामाचा आकडा ११०.६ इंचांवर गेला, जो शहराच्या नोंदींतला विक्रम आहे. आमच्या गल्लीत क्वचितच एखादे घर गळतीवाचून राहिले असेल. वाफवाल्यांची वाट पाहायला तीन आठवडे लागत. आम्ही जेवणाच्या टेबलावर परात, पातेली, डबे, जे मिळेल ते मांडून ठेवले होते आणि रात्रभर निरनिराळ्या सुरांत थेंब वाजत असत.

पण मला सांगायची आहे ती आमच्या समोरच्या घराची गोष्ट. त्यांचे छपर आमच्याच वयाचे, उतार तोच, दिशा तीच, आणि त्यांच्या वळचणीला जेमतेम बोटभर सुळे. त्यांच्या पाख्यांवर बर्फ शेवटपर्यंत एकसारखा पांढरा राहिला. आमच्या पाख्यांवर मात्र मधोमध काळे चट्टे पडले होते. मार्चमध्ये त्यांना विचारले तेव्हा कळले की दोन वर्षांपूर्वी त्यांनी पोटमाळ्याच्या जमिनीतल्या फटी बुजवून घेतल्या होत्या. आम्ही त्याच वर्षी मास सेव्ह योजनेतून घराची ऊर्जा तपासणी करून घेतली आणि तेच केले. त्यानंतर आजवर गळती नाही. तेव्हा वैदेही, आज रस्त्यावरून एक फेरी मारा आणि कोणाच्या छपरावर बर्फ कोठे वितळला आहे ते पाहा. वाचता आले तर छपर सगळे सांगते.

रवी_रोचेस्टर | १९ जानेवारी, सकाळी ८:५०

मला येथे थोडे वेगळे मत मांडायचे आहे. आमच्याकडे नऊ वर्षांपासून तापतार आहे आणि नऊ वर्षांत एकदाही गळती झालेली नाही. आमच्या घराचे छत तिरपे आहे, वर पोटमाळाच नाही. आतून लाकडी फळ्या आणि त्यांच्या लगेच वर छपर. तेथे फटी बुजवायच्या म्हणजे सगळे छपर उघडावे लागेल. प्रत्येकाला ते परवडेलच असे नाही. त्यामुळे तारेला सरसकट नावे ठेवू नयेत, अशी विनंती.

आढेपाखे (ओटावा) | १९ जानेवारी, दुपारी १२:२०

रवी, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि मी तारेला नावे ठेवत नाही. पोटमाळा नसलेली छते, दोन पाखी मिळतात ती पन्हाळ, आकाशखिडकीच्या खालची जागा, अशा ठिकाणी कधी कधी तारेवाचून गत्यंतर नसते. माझा आक्षेप "प्रश्न कायमचा मिटेल" या शब्दांवर आहे. तार बर्फ होऊ देत नाही असे नाही; ती बर्फातून पाण्याला वाट काढून देते. नागमोडी बसवलेल्या तारेच्या प्रत्येक वळणात पाणी वाहून जाण्यापुरती खाच तयार होते, बाकीचा बर्फ तसाच राहतो. आणि ती पाण्याची वाट पन्हळीतून थेट जमिनीपर्यंत नेली नाही, तर खाली नळीत बर्फाचा दट्ट्या बसतो.

खर्चाचाही विचार करा. तार फुटाला ५ ते ८ वॅट घेते. २०० फूट तार ६ वॅटने धरली तर १२०० वॅट झाले, म्हणजे ती चोवीस तास चालू राहिली तर दिवसाला जवळजवळ २९ युनिट वीज. आधी उष्णता फुकट पोटमाळ्यात सोडायची आणि मग त्या उष्णतेने केलेले नुकसान निस्तरायला पुन्हा वीज जाळायची, हे माझ्या मनाला पटत नाही. जेथे पोटमाळा आहे आणि हात पोहोचतो, तेथे आधी फटी बुजवाव्यात. तार घ्यायचीच असेल तर थंडीनुसार आपोआप कमी-जास्त तापणारी घ्या आणि ती गळतीप्रवाह तोडणाऱ्या सुरक्षित जोडणीवरच चालवा.

रवी_रोचेस्टर | १९ जानेवारी, दुपारी १:०५

युनिटांचा हिशेब पटला. आमची तार फक्त बर्फ पडल्यावर दोन-तीन दिवस चालू असते, हे मी आधीच लिहायला हवे होते.

नूपुर_आयोवा | १९ जानेवारी, दुपारी ३:३०

शेजारच्या आजींनी मला मीठ फेकायला सांगितले होते. त्याचा उपयोग होतो का?

सुमेधा_बफेलो | १९ जानेवारी, सायंकाळी ४:१०

साधे मीठ फेकू नका. उणे ९-१० अंशांच्या खाली ते फारसे काम करत नाही, खिळे आणि पन्हळी गंजवते आणि खालची झुडपे जाळते. फार अडचण असेल तर जुना लांब पायमोजा कॅल्शियम क्लोराइडच्या खड्यांनी भरून तो बांधावर आडवा न ठेवता उभा ठेवतात, म्हणजे त्याचे एक टोक पन्हळीच्या बाहेर येते. खडे विरघळत जातात तशी बर्फात एक चर पडते आणि मागचे पाणी निघून जाते. झाडांना थोडा त्रास त्यानेही होतो. हा तात्पुरता उपाय आहे आणि तो शिडीशिवाय करता येण्यासारख्या उंचीवरच करावा.

झेलम | १९ जानेवारी, रात्री ८:००

माझे यजमान सैन्यात होते आणि आम्ही चार हिवाळे श्रीनगरला काढले. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान सुरू झाला की तेथे घरोघरी पत्र्याच्या वळचणीला हातभर लांब सुळे लटकतात. तेथली पत्र्याची छपरे इतकी उभी असतात की बर्फ स्वतःच्याच वजनाने घसरून धाडकन खाली येतो. त्या आवाजाने पहिल्या वर्षी मी दचकून उठत असे. घराच्या कडेने चालायचे नाही, हे तेथे मुलांना अक्षरओळखीच्या आधी शिकवतात.

पुढे लेहला पाहिले तर सगळेच उलट. तेथे छपरे सपाट, मातीची, थेट आपल्या मराठवाड्यातल्या माळवदासारखी. बर्फ पडून थांबला की घरातली माणसे लगेच वर जाऊन तो लोटून देतात. तो वितळून मातीत मुरेपर्यंत कोणी वाट पाहत नाही. आमच्या उदगीरच्या वाड्यात पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती पसरण्याची जी लगबग असे, तीच मला तेथे आठवली. मला यातून असे वाटते की छपराचा आकारच त्या ठिकाणच्या बर्फाचा विचार करून ठरवलेला असतो. मग मिनेसोटासारख्या ठिकाणी घरे बांधताना तो विचार कोणी केला नव्हता का?

आढेपाखे (ओटावा) | १९ जानेवारी, रात्री ९:४५

झेलमताई, फार मोलाचा प्रश्न आहे. दीड मजली घरांची आखणी झाली तेव्हा वरचा अर्धा मजला पुष्कळ ठिकाणी सामान ठेवायचा माळा होता. पुढे कुटुंबे वाढली, तेथे मुलांच्या खोल्या झाल्या, गरम हवा आली, तिरप्या छताला आतून फळ्या ठोकल्या गेल्या, आणि छपराला मात्र कोणी विचारले नाही. म्हणून ही घरे या बाबतीत बदनाम आहेत.

पत्र्याबद्दल एक सावधगिरी. येथेही लोक धातूचे छपर घालतात आणि बर्फ घसरून जातो हे खरे, पण खालून ऊब येत असेल तर धातूच्या वळचणीलाही बांध होतो. शिवाय घसरणारा बर्फ दारावर किंवा रस्त्यावर पडणार असेल तर तो अडवणारे कठडे लावावे लागतात.

म्युनिकवासी | २० जानेवारी, पहाटे ५:२०

आमच्याकडे बव्हेरियात छपरांवर असे बर्फ अडवणारे कठडे सर्वत्र दिसतात आणि छपरावरून कोसळणाऱ्या बर्फाला येथे "डाखलाविने", म्हणजे छपराचा हिमलोट, असा स्वतंत्र शब्दच आहे. हिवाळ्यात फुटपाथवर तसे फलक लावलेले असतात. वजनाकडेही दुर्लक्ष करू नका. एक इंच बर्फाचा कठीण थर एका चौरस फुटावर जवळजवळ ५ पौंड भार टाकतो. २ जानेवारी २००६ रोजी बाड रायखनहाल येथे बर्फाने लादलेले स्केटिंग सभागृहाचे छत कोसळून १५ जण दगावले. त्या छताच्या बांधणीतही दोष होते, पण त्या दिवसापासून येथे कोणी छपरावरचा बर्फ हलक्यात घेत नाही.

ओतारू | २० जानेवारी, सकाळी ६:०५

झेलमताईंच्या मुद्द्याला जोडून लिहितो. मी होक्काइदोत सहा वर्षे होतो. सप्पोरोसारख्या दाट वस्तीच्या शहरात बर्फ शेजाऱ्याच्या अंगणात घसरू द्यायला जागाच नसते. तेथे पुष्कळ घरांची छपरे बाहेरून सपाट दिसतात, पण ती मध्यभागाकडे किंचित उतरती असतात आणि मधल्या चरातून वितळलेले पाणी घराच्या आतून जाणाऱ्या नळाने खाली नेतात. नळ घराच्या उबेत असल्याने गोठत नाही. बर्फ छपरावरच राहतो. वळचण बाहेर गारठलेली असते म्हणून बांध होतो, असे आढेपाखे यांनी लिहिले आहे. त्या लोकांनी पाणी वळचणीकडे जाऊच दिले नाही. जपानच्या हिमप्रदेशात दर हिवाळ्यात छपरावरचा बर्फ काढताना पडून माणसे दगावतात आणि त्यांत वृद्धच अधिक असतात, म्हणून सुमेधाताईंचे पहिले वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

वैदेही_सेंटपॉल | २१ जानेवारी, रात्री १०:३०

सर्वांचे मनापासून आभार. पंख्याचा उपाय लागू पडला. त्याच रात्री गळती थांबली. रेकने दोन्ही बाजूंचा चार फूट बर्फ काढला. मुलांच्या खोलीच्या वरचा बांध मात्र वाफवाल्यांकडून काढून घेतला. त्यांनी वाफेची नळी सुरीसारखी फिरवून बर्फाच्या विटा कापल्या आणि शिंगल्सला धक्का लागू दिला नाही.

आज धीर करून मी बुटक्या भिंतीच्या मागच्या माळ्यात विजेरी घेऊन शिरले. जे पाहिले ते लिहिते. छपराच्या फळ्यांतून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढऱ्या तुषाराचा गोळा होता, जणू शेकडो कापसाच्या वाती टांगल्या आहेत. चिमणीच्या भोवती हात जाईल एवढी फट आहे आणि तेथून वर येणारी हवा माझ्या गालाला उबदार लागली. न्हाणीघराच्या पंख्याची नळी छपराबाहेर जातच नाही. ती माळ्यातच मोकळी सोडलेली आहे आणि तिच्यासमोरची फळी काळी पडली आहे. बुटक्या भिंतीच्या तळाशी तुळयांमधल्या पोकळ्या उघड्या आहेत. त्यांत हात घातला तर खालच्या स्वयंपाकघरात परतलेल्या कांद्याचा वास आला.

केतकी_कॅलगरी | २१ जानेवारी, रात्री ११:१०

वैदेही, ते खिळ्यांवरचे गोळे फार महत्त्वाचे आहेत. आमच्या कॅलगरीत चिनूकचे उबदार वारे सुटले की काही तासांत तापमान उणे २० वरून शून्याच्या वर जाते आणि आठवडाभर पोटमाळ्यात साचलेला हा तुषार एकदम वितळून छतातून टपकू लागतो. येथे त्याला पोटमाळ्यातला पाऊस म्हणतात. बाहेर बांध नसतानाही छताला डाग पडतो आणि लोक छपर बदलायला निघतात. कारण मात्र तेच, घरातली दमट हवा वर जाणे.

आपल्या स्वयंपाकघरांचा येथे खास विचार करावा असे मला वाटते. कुकरच्या शिट्ट्या, पोळ्या, उकळती आमटी, चहा, आणि हिवाळ्यात घरातच वाळत घातलेले कपडे, हे सगळे पाणी हवेत जाते. चुलीवरचा पंखा घराबाहेर हवा टाकतो की गाळून परत खोलीतच सोडतो, हे तपासा. आमचा परत सोडणारा होता. बाहेर जाणारी नळी बसवल्यावर खिडक्यांवरचे पाणीसुद्धा गेले.

आढेपाखे (ओटावा) | २२ जानेवारी, सकाळी ९:००

वैदेही, तुम्ही केलेली पाहणी तपासनीसाच्या तोडीची आहे. चारही गोष्टी मुळाशी नेणाऱ्या आहेत. आता क्रम चुकवू नका, कारण माझ्या अनुभवात नव्वद टक्के चूक येथेच होते. लोक आधी उष्णतारोधक भरतात. फटी तशाच ठेवून वर फूटभर सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या भुग्याचे रोधक, ओतले तर हवा त्यातूनही गाळून वर जाते. आधी फटी, मग रोधक, मग हवेची वाट.

चिमणीभोवतीची फट फोमने बुजवू नका, तो जळतो. तेथे पातळ पत्रा कापून बसवतात आणि कडा उष्णता सहन करणाऱ्या लांबीने बंद करतात. न्हाणीघराच्या पंख्याची नळी रोधक गुंडाळून छपराबाहेर न्या. तुळयांमधल्या पोकळ्या बुटक्या भिंतीच्या बरोबर खाली बंद करा, कारण दीड मजली घरात सर्वांत मोठी गळती तेथूनच होते. छतात खोचलेले दिवे असतील तर त्यांच्या जागी हवाबंद प्रकारचे घाला. मग रोधक. तुमच्याकडे आर-४९ ही पातळी धरतात, म्हणजे सेल्युलोजचा साधारण १४ इंच थर. शेवटी वळचणीखालच्या जाळीतून हवा आत येऊन आढ्यापाशी बाहेर पडेल अशी वाट मोकळी ठेवा. रोधक त्या जाळीवर सरकू नये म्हणून फळ्यांना लागून पन्हळीसारखे बॅफल लावतात.

न्यू हॅम्पशरमधल्या हॅनोव्हर येथील अमेरिकी सैन्याच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेने प्रत्यक्ष इमारतींवर मोजमाप करून एक सोपी खूण दिली आहे. बाहेर २२ अंश फॅरेनहाइट (सुमारे उणे साडेपाच सेल्सिअस) असताना पोटमाळा ३० अंशांच्या (सुमारे उणे एक सेल्सिअस) वर जाऊ नये. साधा तापमापक माळ्यात ठेवून तुम्ही स्वतः हे पाहू शकता.

पुढे कधी शिंगल्स बदलाल तेव्हा वळचणीला चिकटपट्टीचे जलरोधक अस्तर घालून घ्या. ते बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला किमान २४ इंच जायला हवे, असे बांधकाम संहिता सांगते. वळचण दोन फूट बाहेर आली असेल तर तीन फूट रुंदीची एकच पट्टी पुरत नाही, हे कंत्राटदाराला आधीच सांगा.

चार्ल्सकाठ (बॉस्टन) | २२ जानेवारी, सकाळी ९:४०

काम सुरू करण्याआधी जुने रोधक काय आहे तेही पाहा. करड्या-सोनेरी चमकदार खड्यांसारखे असेल तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकते. मोंटानातल्या लिबी येथील जी खाण १९९० मध्ये बंद झाली, तिच्या मालात अॅस्बेस्टॉस मिसळलेले होते आणि अमेरिकेतल्या असंख्य घरांत तोच माल आहे. त्याला हात लावू नका, मुलांना माळ्यात जाऊ देऊ नका, आधी जाणकाराला दाखवा. चिनी मातीच्या गुंड्यांवरून गेलेली जुनी वायर दिसली तर तीही रोधकाखाली झाकण्याआधी बदलावी लागते.

आणखी एक. छपरावरून ओढलेला बर्फ घर गरम करणाऱ्या भट्टीच्या बाहेर येणाऱ्या नळीसमोर साचू देऊ नका. २००५ च्या जानेवारीत आमच्या राज्यात बर्फाने अशी नळी बुजल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड घरात भरून सात वर्षांची एक मुलगी दगावली, आणि त्यानंतर घरोघरी त्याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले. फटी बुजवल्यावर घर अधिक घट्ट होते, त्यामुळे भट्टी आणि पाणी तापवायच्या बंबाचा धूर नीट बाहेर जातो ना, हेही तपासून घ्यावेच लागते.

दापोलीकर | २२ जानेवारी, दुपारी २:१५

आमच्याकडे वैशाखात कौले चाळून घर शाकारले नाही तर आषाढात पातेली मांडावी लागतात. तुम्हा लोकांची शाकारणी दसरा-दिवाळीच्या सुमारास करायची, एवढाच मला फरक दिसतो.

वैदेही_सेंटपॉल | २२ जानेवारी, रात्री ९:१०

दापोलीकर, हा शब्द मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या पानावर लिहून ठेवला आहे : शाकारणी.

वैदेही_सेंटपॉल | पुढच्या वर्षी, ९ फेब्रुवारी, रात्री ८:४५

धागा वर काढते आहे, कारण उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

एप्रिलमध्ये घराची तपासणी करून घेतली. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढली आणि उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने फटी पाहिल्या. मी लिहिल्या होत्या त्या सगळ्या निघाल्या आणि शिवाय सांडपाण्याच्या उभ्या नळाभोवतीची एक निघाली. माळ्यात व्हर्मिक्युलाइट नव्हते. ऑक्टोबरमध्ये पाच दिवस काम चालले : आधी फटी, मग रोधक, मग बॅफल. तिरप्या भागात सेल्युलोज दाबून भरले. न्हाणीघराचा पंखा आता छपराबाहेर उघडतो आणि चुलीवरचाही. शेवटी भट्टी आणि बंबाचा धूर तपासून घेतला. तारेचे पैसे वाचले, पण खर्च त्याहून पुष्कळ जास्त आला हे प्रामाणिकपणे सांगते. आम्ही त्यासाठी या वर्षीची भारतवारी पुढे ढकलली.

गेल्या आठवड्यात सलग दोन वेळा मिळून १७ इंच बर्फ पडला. मी माळ्यात तापमापक ठेवला आहे. परवा बाहेर २१ अंश फॅरेनहाइट होते आणि माळ्यात २५. खिळ्यांची टोके कोरडी आहेत. पाख्यांवर बर्फ एकसारखा पांढरा आहे, जसा चार्ल्सकाठ यांच्या समोरच्या घरावर होता. मुलांच्या खोलीच्या वर चार बोटांचे सुळे आहेत, तेही दुपारी ऊन लागले की पागोळ्या होऊन गळून जातात.

मागच्या दाराच्या पडवीवर मात्र अजून बांध होतो. तेथे मुख्य छपराचे पाखे पडवीच्या छपराला मिळते आणि खाली स्वयंपाकघराची भिंत आहे. तेथे रेकने बर्फ काढते आहे. रवी, त्या पन्हाळीपुरती सहा-सात फूट तार घालावी का? तुमची तार कोणत्या प्रकारची आहे आणि तुम्ही ती पन्हळीच्या नळीत किती खाली नेली आहे, ते कृपया सांगाल का?

रवी_रोचेस्टर | ९ फेब्रुवारी, रात्री ९:२०

आनंद झाला. आपोआप कमी-जास्त तापणारीच आहे. नळीच्या पार तळापर्यंत, जमिनीच्या वर चार बोटे उरेल इतकी नेली आहे. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो. तुम्हीही पडवीच्या त्या कोपऱ्याचा एक फोटो टाका, आणि आतल्या बाजूने त्या भिंतीच्या माथ्याशी हात लावून ऊब येते का तेवढे पाहा.

आढेपाखे (ओटावा) | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३५

रवींनी माझ्या तोंडचे वाक्य घेतले. आधी हात लावून पाहा, मग तार.